डीकेए: आधी सलाईन, मग पोटॅशियम, तिसऱ्या नंबरावर इन्सुलिन

रात्री दोन वाजता पेशंट येतो. दोन दिवस उलट्या, पोटात दुखतंय, तोंड कोरडं ठणठणीत, श्वास खोल आणि जोरजोरात. ग्लुकोमीटरवर आकडाच येत नाही, नुसतं ‘एचआय’, म्हणजे मोजता येण्यापलीकडे जास्त. अशा वेळी हात आपोआप फ्रिजमधल्या इन्सुलिनकडे जातो. डायबेटिक कीटोॲसिडोसिसमध्ये (डीकेए), म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात तेव्हा, पहिली चूक इथेच होते. हा पेशंट पहिल्या तासात शुगरमुळे दगावत नाही. तो दगावतो कोरडा पडल्यामुळे, पोटॅशियममुळे, किंवा ज्या आजारातून हे सगळं उद्भवलं त्या आजारामुळे. इन्सुलिन लागतंच, पण तिसऱ्या नंबरावर.

ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी, छोट्या नर्सिंग होममधले आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि रात्रपाळीच्या सिस्टर यांना समोर ठेवून हे लिहिलं आहे. सिरिंज पंप नाही आणि ब्लड गॅसचं मशीन जिल्ह्याच्या गावी आहे, असं गृहीत धरलं आहे. हिशेब सगळे ६० किलोच्या प्रौढ पेशंटचे आहेत. लहान मुलांचं गणित वेगळं असतं, ते पुढे स्वतंत्र दिलं आहे. मोठ्यांचे आकडे त्यांना लावू नयेत.

डीकेए आहे हे ठरवायचं कसं

तीन गोष्टी जमाव्या लागतात: मधुमेह, कीटोन आणि आम्लता. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २००९ च्या निकषात शुगर २५० च्या वर हवी होती. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत ती २०० वर आणली, आणि मधुमेह आधीपासून माहीत असेल तर शुगरची अटच काढून टाकली. बाकीचं असं: रक्तातलं कीटोन ३ मिलीमोल किंवा जास्त, नाहीतर लघवीत दोन प्लस, आणि पीएच (रक्ताच्या आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं रक्त आम्ल) ७.३ च्या खाली किंवा बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा क्षार) १८ च्या खाली. पीएच ७ च्या किंवा बायकार्बोनेट १० च्या खाली गेलं की आजार गंभीर.

ब्लड गॅस (रक्ताच्या पीएचची तपासणी) काढायचाच असेल तर शिरेतलं रक्त पुरतं. धमनीतल्या आणि शिरेतल्या पीएचमध्ये साधारण ०.०३ चा फरक असतो, तेवढ्यासाठी मनगटात सुई खुपसत बसू नये. गॅस मिळणारच नसेल तर इलेक्ट्रोलाइट्सच्या रिपोर्टमधून ॲनायन गॅप काढा: सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करायचं, उत्तर १२ च्या वर आलं तर गॅप वाढलेला आहे, म्हणजे रक्तात जादा आम्ल आहे. बायकार्बोनेटही मिळत नसेल तर उरतात शुगर, लघवीची कीटोन पट्टी आणि पेशंटचा श्वास. हा खोल, न थांबणारा श्वास जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये टिपून ठेवला. छाती साफ, ऑक्सिजन ९८ टक्के आणि तरी श्वास मिनिटाला ३२, असं दिसलं की नेब्युलायझर शोधू नका, लघवी तपासा.

पोटदुखीनेही फसगत होते. डीकेएत पोट इतकं दुखू शकतं की सर्जनला बोलावलं जातं. त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, अमायलेजही थोडं वाढलेलं. पोटदुखी आम्लतेची असेल तर आम्लता उतरते तशी ती कमी होते. पीएच सुधारला आणि पोट तसंच दुखत राहिलं, किंवा आम्लता फारशी नसताना पोट जोरात दुखत असेल, तर अपेंडिक्स आणि स्वादुपिंडाकडे वळायचं.

पहिला तास: फक्त सलाईन

१८ नंबरच्या दोन इंट्राकॅथ (शिरेत ठेवायच्या सुया) लावा. कोपराच्या घडीत लावू नका. पेशंट हात दुमडतो आणि थेंब बंद पडतात, त्याचा त्रास पुढे इन्सुलिनच्या वेळी होतो. पहिल्या सुईतूनच रक्त काढून घ्या: शुगर, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, हिमोग्राम. लगेच ईसीजी. बाईपेशंट असेल आणि वय तसं असेल तर लघवीची गर्भाची तपासणी विसरू नका. गरोदरपणात डीकेए कमी शुगरवरही होतो आणि पोटातल्या बाळाला त्याचा मोठा धोका असतो.

डीकेएत शरीरातून किलोमागे साधारण १०० मिली पाणी गेलेलं असतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाचं जवळजवळ सहा लिटर. पहिल्या तासात एक लिटर नॉर्मल सलाईन, म्हणजे ५०० च्या दोन बाटल्या, जवळपास खुल्या सोडायच्या. त्यानंतर दोन-तीन तास तासाला एक बाटली. वीस थेंबांना एक मिली देणारा साधा सेट असेल तर तासाला ५०० मिली म्हणजे मिनिटाला १६५-१७० थेंब. तेवढे मोजणं कठीण, म्हणून बाटलीवर चिकटपट्टी लावून वेळा लिहा: २.३० ला इथपर्यंत, ३ ला इथपर्यंत.

रिंगर लॅक्टेट चालतं का, हा नेहमीचा वाद. चालतं. आरएलमध्ये लिटरला ४ एमईक्यू (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं, ते घाबरण्याइतकं नाही, आणि त्यातल्या लॅक्टेटमुळे आम्लता वाढत नाही. उलट नुसतं नॉर्मल सलाईन सहा-सात लिटर गेलं की क्लोराइड साठतं आणि त्याची वेगळी आम्लता तयार होते. त्याबद्दल पुढे.

हृदय अशक्त असेल किंवा किडनी आधीच गेलेली असेल तर बाटली खुली सोडायची नाही. २५० मिली द्या, छातीच्या तळाला स्टेथोस्कोप लावा, पुन्हा २५० द्या.

या पहिल्या तासात इन्सुलिन नाही दिलं तर पेशंटचं काही बिघडत नाही. नुसत्या सलाईननेही शुगर उतरायला लागते, कारण रक्ताभिसरण सुधारतं आणि किडनी साखर बाहेर टाकते. तेवढ्यात पोटॅशियमचा रिपोर्ट हातात येतो, आणि तो खरोखर हवा असतो.

पोटॅशियम: रिपोर्ट खोटं बोलतो

रिपोर्टवर पोटॅशियम ५.२ दिसलं की वाटतं, भरपूर आहे. तसं नसतं. आम्लतेमुळे आणि इन्सुलिन नसल्यामुळे पेशींमधलं पोटॅशियम रक्तात आलेलं असतं, आणि तिथून लघवीवाटे, उलटीवाटे वाहून गेलेलं असतं. शरीरातला एकूण तोटा किलोमागे ३ ते ५ एमईक्यू, म्हणजे आपल्या पेशंटचा १८० ते ३०० एमईक्यू. इन्सुलिन सुरू झालं की रक्तातलं उरलंसुरलं पोटॅशियम झपाट्याने पेशीत परत शिरतं. ३.२ असलेल्याला इन्सुलिन दिलं तर दोन तासांत ते इतकं खाली जातं की श्वासाचे स्नायू ढिले पडतात, हृदयाचा ठोका चुकतो. वॉर्डात मग म्हणतात, ‘शुगर छान उतरत होती आणि अचानक गेला.’

म्हणून इन्सुलिनच्या आधी हा आकडा पाहायचा.

३.५ च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवा. ताशी १० ते २० एमईक्यू पोटॅशियम द्या, मॉनिटर लावून, आणि ३.५ च्या वर आल्यावरच इन्सुलिन सुरू करा. ३.५ ते ५ च्या मध्ये असेल आणि लघवी होत असेल तर इन्सुलिन आणि पोटॅशियम दोन्ही बरोबर सुरू. ५ च्या वर असेल तर इन्सुलिन सुरू करा, पोटॅशियम नको, पण दोन तासांनी पुन्हा रक्त पाठवा. त्या दोन तासांत ते उतरतंच.

आता अँप्युलचा हिशेब. पोटॅशियम क्लोराइडचं आपल्याकडचं नेहमीचं अँप्युल १० मिलीचं, १५ टक्क्यांचं असतं. त्यात २० एमईक्यू, म्हणजे मिलीला २. बाटली तासाला ५०० मिलीने जात असेल तर अर्धं अँप्युल, म्हणजे ५ मिली, एका बाटलीत घाला. ताशी १० एमईक्यू जातं. पुढे बाटलीचा वेग २५० वर आणला की बाटलीत पूर्ण अँप्युल घातलं तरी ताशी १० च जातं. लिटरला ४० एमईक्यूच्या वर हाताच्या शिरेतून देऊ नका, शीर जळते, आणि मॉनिटरशिवाय ताशी १० च्या वर जाऊ नका.

टांगलेल्या बाटलीत अँप्युल टोचून तसंच सोडून देणं ही जीवघेणी सवय आहे. पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण सलाईनपेक्षा जड. ते खाली, सेटच्या तोंडाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत घट्टच्या घट्ट शिरेत जातं. बाटली स्टँडवरून काढा, पोटॅशियम घाला, आठ-दहा वेळा उलटीपालटी करा, लेबल लावा, मग टांगा. आणि ट्रेमध्ये पोटॅशियमचं अँप्युल डिस्टिल्ड वॉटर आणि सोडाबायकार्बच्या शेजारी ठेवू नका. अंधुक उजेडात तिन्ही सारखीच दिसतात. सिरिंजने थेट शिरेत दिलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडतं.

रात्री लॅबच नसेल तर ईसीजीवर भागवावं लागतं. टी लाट उंच, टोकदार म्हणजे पोटॅशियम जास्त; टी चपटी, मागे यू लाट म्हणजे कमी. ईसीजी काही वेळा साधासरळ दिसूनही पोटॅशियम बिघडलेलं असतं, त्यामुळे त्यावर इन्सुलिनचा निर्णय टांगणं धोक्याचं. अशा ठिकाणी सलाईन चालू ठेवून पेशंट पुढे पाठवणं हाच शहाणपणा.

इन्सुलिन: कोणतं, किती, कुठल्या सिरिंजने

शिरेतून द्यायचं ते प्लेन, म्हणजे रेग्युलर इन्सुलिन. पाण्यासारखं स्वच्छ. ३०/७० मिक्स्ड व्हायल दुधासारखी गढूळ असते, ती शिरेतून कधीही नाही. डोस किलोमागे ताशी ०.१ युनिट, म्हणजे ६० किलोला ताशी ६ युनिट. थेंब लगेच सुरू होणार असतील तर आधी एकदम डोस द्यायची गरज नाही. उशीर होणार असेल तर ६ युनिट शिरेतून देऊन ठेवा.

इथे टोपीच्या रंगाकडे बघायचं. आपल्याकडची नेहमीची व्हायल ४० युनिटची: एका मिलीत ४०. तिच्यासाठी लाल टोपीची सिरिंज. पेनची काडतुसं मात्र १०० युनिटची: एका मिलीत १००, आणि त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपीची. व्हायल संपली म्हणून कुणी पेनच्या काडतुसातून लाल टोपीच्या सिरिंजने ‘१० युनिट’ ओढले, तर प्रत्यक्षात २५ जातात. उलट, ४० च्या व्हायलमधून नारिंगी सिरिंजने १० ओढले तर फक्त ४. शुगर उतरत नाही म्हणून डोस वाढवत जाता आणि चूक सिरिंजमध्ये असते. व्हायल हातात घेऊन तिच्यावरचा आकडा मोठ्याने वाचा, सिस्टरकडून वाचून घ्या, मगच ओढा.

पंप असेल तर ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ५० युनिट, म्हणजे मिलीला एक. ताशी ६ मिली. ४० च्या व्हायलमधून ५० युनिट म्हणजे सव्वा मिली: लाल टोपीची सिरिंज एकदा पूर्ण भरून आणि एकदा १० च्या खुणेपर्यंत.

पंप नसेल तर मायक्रोड्रिप सेट. त्याचे ६० थेंब म्हणजे एक मिली, त्यामुळे मिनिटाला जितके थेंब तितके ताशी मिली, गुणाकार-भागाकार नाही. ५०० मिली नॉर्मल सलाईनच्या बाटलीत ५० युनिट घाला: १० मिलीत एक युनिट. ताशी ६ युनिट हवे म्हणजे ६० मिली, म्हणजे मिनिटाला ६० थेंब. सेकंदाला एक, घड्याळाच्या काट्याबरोबर. सुरू करण्याआधी २० ते ५० मिली द्रावण सेटमधून सिंकमध्ये वाहू द्या. इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं, आणि हे केलं नाही तर पहिला अर्धा-पाऊण तास पेशंटला फारसं काही पोचतच नाही.

इन्सुलिनची बाटली वेगळ्या शिरेत. मोठ्या सलाईनच्या बाटलीतच इन्सुलिन टाकून देण्याचा मोह असतो, पण बीपी पडलं म्हणून बाटली खुली सोडली की इन्सुलिनही सगळं एकदम जातं. आणि थेंब दर पंधरा मिनिटांनी मोजा. शिरेतल्या इन्सुलिनचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो. बाटली चहाच्या सुट्टीत बंद पडली तर कीटोन पुन्हा तयार व्हायला लागतात.

मायक्रोड्रिपवर लक्ष ठेवायलाही माणूस नसेल, तर सौम्य किंवा मध्यम डीकेएमध्ये, पेशंट शुद्धीवर आणि बीपी ठीक असताना, चामडीखालून रॅपिड इन्सुलिन, म्हणजे लिस्प्रो किंवा अस्पार्ट, चालतं. सुरुवातीला किलोमागे ०.१ युनिट आणि मग दर तासाला ०.१ किंवा दर दोन तासांनी ०.२. आपल्या पेशंटला दर दोन तासांनी १२ युनिट. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये आल्बर्टी आणि सहकाऱ्यांनी तासागणिक स्नायूत दिलेल्या छोट्या डोसांनीही डायबेटिक कोमा बरा होतो हे दाखवलं. त्याआधी शेकड्याने युनिट टोचली जायची. शॉकमध्ये मात्र चामडीखाली किंवा स्नायूत दिलेलं इन्सुलिन तिथेच पडून राहतं आणि रक्ताभिसरण सुधारल्यावर एकदम शोषलं जातं. थंड हातापायांच्या पेशंटला शिरेतूनच.

शुगर उतरली, इन्सुलिन चालूच

शुगर ताशी ५० ते ७५ ने उतरायला हवी. उतरत नसेल तर डोस वाढवण्याआधी शीर बघा, थेंब बघा, व्हायल बघा. उन्हाळ्यात फ्रिजबाहेर पडून राहिलेली व्हायल आहे का, सिरिंज कुठली होती, सेट धुतला होता का. सगळं ठीक असेल तर ताशी एक युनिटने वाढवा.

पाच-सहा तासांत शुगर २५० वर येते. इथे दुसरी मोठी चूक होते: ‘शुगर नॉर्मलला आली, इन्सुलिन बंद करा.’ इन्सुलिन शुगरसाठी चालू नव्हतंच, ते कीटोन थांबवण्यासाठी आहे. शुगर आधी उतरते, आम्लता मागाहून, बऱ्याचदा कित्येक तासांनी. बंद केलंत तर पहाटे पुन्हा तोच श्वास सुरू होतो.

करायचं काय, तर साखर घालून इन्सुलिन चालू ठेवायचं. नॉर्मल सलाईनच्या जागी डीएनएस (साखर घातलेलं सलाईन) लावा, ताशी १२५ ते २५० मिली, त्यात पोटॅशियम पूर्वीसारखंच. इन्सुलिन निम्मं करा: किलोमागे ०.०५, ताशी ३ युनिट, म्हणजे मिनिटाला ३० थेंब. शुगर १५० ते २०० मध्ये ठेवा. १५० च्या खाली घसरू लागली तर साखर वाढवा, दहा टक्के डेक्स्ट्रोज लावा, पण इन्सुलिन बंद करू नका.

सोडियम बघताना शुगरची दुरुस्ती करा: १०० च्या वरच्या दर १०० शुगरमागे सोडियममध्ये १.६ मिळवायचे. शुगर ५०० आणि सोडियम १३० असेल तर खरं सोडियम १३६ च्या आसपास.

कागदावर तक्ता आखून बेडला लावा: दर तासाला शुगर, नाडी, बीपी, श्वास, शुद्ध आणि लघवी, दर दोन तासांनी पोटॅशियम, स्थिर झालं की दर चार तासांनी. लघवीची कीटोन पट्टी निदानाला ठीक, पण उपचार मोजायला वापरू नका. पट्टी ॲसिटोॲसिटेट ओळखते. डीकेएत मुख्य कीटोन असतं बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, आणि पेशंट बरा होताना त्याचं रूपांतर ॲसिटोॲसिटेटमध्ये होतं. मग पेशंट सुधारतोय आणि पट्टी जास्त जांभळी, असा विचित्र प्रकार होतो. रक्तातलं कीटोन मोजणारं मीटर असेल तर ते वापरा. ताशी अर्धा मिलीमोल उतरणं चांगलं.

सोडाबायकार्बचा मोह

पीएच ७.१ बघून सोडाबायकार्ब द्यावंसं वाटतं. देऊ नका. इन्सुलिनने कीटोनचं रूपांतर आपोआप बायकार्बोनेटमध्ये होतं. वरून दिल्याने पोटॅशियम आणखी घसरतं. फक्त पीएच ७ च्या खाली असेल तर १०० एमईक्यू, ४०० मिली स्टराइल वॉटरमध्ये, दोन तासांत. ७.५ टक्क्यांच्या २५ मिली अँप्युलमध्ये सुमारे २२ एमईक्यू असतात, म्हणजे साडेचार अँप्युल लागतात. लहान मुलांना नाहीच.

तसाच मोह झोपेच्या इंजेक्शनचा. पेशंट तडफडतोय, धाप लागलीय म्हणून मिडॅझोलाम दिलं की तो जोरजोरात श्वास घेऊन बाहेर टाकत असलेला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच कोसळतो. नळी घालावीच लागली तर व्हेंटिलेटरचा वेग पेशंटच्या स्वतःच्या वेगाइतका ठेवावा लागतो. नेहमीचे मिनिटाला १४ श्वास लावले तर हृदय थांबू शकतं.

हे झालं कशाने

सलाईन वाहत असतानाच कारण शोधा. सगळ्यात नेहमीची कारणं दोन: इन्सुलिन चुकलं किंवा जंतुसंसर्ग. कुणाच्या सांगण्यावरून इन्सुलिन सोडून काढा-चूर्ण सुरू केलं होतं का, हे न रागावता विचारा. रागावून विचारलं तर उत्तर खरं येत नाही. लघवी, छाती, पायाच्या जखमा, दात बघा. पन्नाशीच्या पुढच्या मधुमेहीत हार्ट ॲटॅक छातीत न दुखताही येतो, म्हणून ईसीजी.

नाकातून काळपट स्राव, गालावर सूज, डोळा पुढे आलेला, टाळूवर काळा डाग: म्युकरमायकोसिस. डीकेएतल्या आम्ल, गोड रक्तात ही बुरशी फोफावते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने ती भरपूर पाहिली, पण ती कोविडच्या आधीही होती आणि आजही आहे. दिसली की त्याच दिवशी कान-नाक-घशाचा सर्जन.

आणखी एक कारण अलीकडे वाढलंय: ग्लिफ्लोझिन गोळ्या, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं आणि ती गोळी गावागावात पोचली. औषध चांगलं आहे, पण त्यावरचा माणूस आजारी पडला, जेवणखाण बंद झालं, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवला किंवा नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास केले, तर शुगर १८० असतानाही डीकेए होऊ शकतो. ग्लुकोमीटर बघून पेशंटला घरी पाठवलं जातं. उलट्या, धाप आणि ही गोळी एकत्र असतील तर शुगर काहीही असो, कीटोन तपासा. उपचार तोच, फक्त डेक्स्ट्रोज पहिल्यापासून इन्सुलिनबरोबर. या पेशंटांचे कीटोन उतरायला जास्त वेळ लागतो. ऑपरेशनआधी गोळी तीन दिवस बंद ठेवायची.

लहान मुलं

मुलांमध्ये भीती मेंदूला सूज येण्याची. म्हणून सगळं सावकाश. २० किलोच्या मुलाला शॉक नसेल तर किलोमागे १० मिली, म्हणजे २०० मिली, अर्ध्या ते एका तासात. शॉक असेल तर २० मिलीप्रमाणे, लवकर. मग उरलेलं २४ ते ४८ तासांत पसरवायचं: सात टक्के कोरडेपणा धरला तर तोटा १४०० मिली, त्यातून दिलेले २०० वजा केले की १२००, आणि दोन दिवसांची नेहमीची गरज ३००० मिली, एकूण ४२०० भागिले ४८, म्हणजे ताशी साधारण ८८ मिली. इन्सुलिन सलाईन सुरू झाल्यावर किमान एक तासाने, किलोमागे ०.०५ ते ०.१, म्हणजे ताशी १ ते २ युनिट. एकदम डोस कधीच नाही.

साधारण चौथ्या ते बाराव्या तासात डोकं दुखतंय म्हणाला, चिडचिड वाढली, नाडी मंदावली, बीपी वाढलं, झोपेत गेला किंवा अंथरुणात लघवी झाली, तर सीटी स्कॅनची वाट बघू नका. डोकं ३० अंश वर, सलाईन हळू, आणि मॅनिटॉल (मेंदूची सूज उतरवणारं औषध) किलोमागे ०.५ ते १ ग्रॅम दहा-पंधरा मिनिटांत: २० किलोला २० टक्क्यांचं ५० ते १०० मिली. किंवा तीन टक्के सलाईन, तेही ५० ते १०० मिली. मुलाला भरती केल्याबरोबर मॅनिटॉलची बाटली बेडजवळ आणून ठेवा आणि डोस मिलीत लिहून चिकटवा.

पुढे कधी पाठवायचं

मूल, गरोदर बाई, शुद्ध हरपलेला, पोटॅशियम ३.५ च्या खाली, दोन लिटरनंतरही बीपी ९० च्या खाली, किडनी किंवा हृदयाचा जुना आजार: यांना आयसीयू हवं. १०८ ला फोन करताना पहिली बाटली लावलेली असू द्या. गाडीत थेंब मोजणारा माणूस किंवा पंप नसेल तर इन्सुलिन चालू ठेवून पाठवू नका, सलाईन पुरे. चिठ्ठीवर किती सलाईन कधी, किती पोटॅशियम, शेवटचं इन्सुलिन किती वाजता, किती लघवी, एवढं लिहा. ‘डीकेए, ट्रीटमेंट गिव्हन’ वाचून पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही.

शिरेतलं इन्सुलिन बंद करताना

रक्तातलं कीटोन ०.६ च्या खाली आणि पीएच ७.३ किंवा बायकार्बोनेट १८ झालं की डीकेए संपला. कधी बायकार्बोनेट १६ वर अडकतं. पेशंट जेवण मागतोय, ॲनायन गॅप पुन्हा नॉर्मल झालाय, क्लोराइड ११२. ही सलाईनने आलेली आम्लता, किडनी ती दुरुस्त करते. तिच्यापायी इन्सुलिनचे थेंब आणखी दिवसभर चालवू नका.

चामडीखालचं लांब चालणारं इन्सुलिन आधी द्या आणि थेंब एक ते दोन तासांनी बंद करा. हे दोन तास चुकले की दुसऱ्या दिवशी तोच पेशंट पुन्हा डीकेएत. जुना पेशंट असेल तर त्याचा नेहमीचा डोस. नवा असेल तर दिवसाला किलोमागे ०.५ ते ०.६ युनिट: आपल्या पेशंटला ३०, त्यातलं १५ ग्लार्जिन आणि तीन जेवणांआधी ५-५-५. फक्त ३०/७० मिळत असेल तर सकाळी २०, रात्री १०, जेवणाआधी अर्धा तास.

घरी सोडताना घरच्यांना एवढं पक्कं सांगा: जेवण गेलं नाही तरी टाइप १ च्या माणसाचं इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. ताप किंवा उलट्या असतील तर दर तीन-चार तासांनी शुगर बघायची, पाणी-ताक घोट घोट द्यायचं, आणि दोन उलट्यांनंतर पाणीही टिकत नसेल तर दवाखाना गाठायचा. मग जो घरी इंजेक्शन देणार आहे त्याच्याच हातात घरची व्हायल आणि घरची सिरिंज द्या, आणि तुमच्यासमोर १० युनिट ओढायला लावा. टोपीचा रंग तेव्हाच दिसतो.